फोमच्या बेसला बाक का येतो, खड्डे का पडतात आणि कडा कशा करायच्या

तुमची अडचण थोडक्यात अशी: १:३५ प्रमाणाच्या (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाच्या) मॉडेल रणगाड्यासाठी ३० बाय २० सेंमीचा थर्माकोलचा बेस केलात. त्यावर पांढरा गम, कागदाचा लगदा आणि माती कालवून जाड थर दिलात आणि चार-पाच दिवसांत चारही कोपरे वर उचलले. मग प्रायमरचा स्प्रे मारला तर उतारावर खड्डे पडले. आता बाजूंनी पांढरे मणी दिसतायत, ते कसे झाकायचे हा तिसरा प्रश्न. मी तिन्ही सुटे सुटे घेणार नाही, कारण तिन्हींचं मूळ एकच आहे. तुम्ही आधी जमीन केलीत, मग रंगाला हात घातलात आणि कडांचा विचार शेवटी आला. फोमचा बेस खालून वर आणि बाहेरून आत करत आणायचा असतो.

आधी बाक. पांढऱ्या गमात साधारण निम्मं पाणीच असतं. ते उडालं की थर आकसतो. फोमला चिकटलेला थर आकसताना फोमलाही ओढतो, आणि फोम इतका हलका की त्या ओढीला उलट जोर लावायची त्याची ताकद नसते. वरची बाजू आखूड झाली, खालची तेवढीच राहिली, म्हणून कोपरे वर आले. बहुतेक जण अशा वेळी पीओपीला नावं ठेवतात, पण पीओपी घट्ट होताना आकसत नाही, उलट किंचित फुगतं. त्याचा दोष वेगळा आहे: ते ठिसूळ असतं आणि खालचा फोम जरा जरी लवला तरी तडकून पोपडे सुटतात. ओढणारा असतो तो गम, लगदा आणि पाण्यातली माती. तुमच्या मिश्रणात हे तिन्ही आहेत आणि थर दीड-दोन सेंमी जाड आहे, म्हणजे बाक येणारच होता.

उपाय दोन आणि दोन्ही करायचे. पहिला, फोम कधीही एकटा ठेवायचा नाही. ६ मिमीचा प्लाय किंवा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) घ्यायचा, त्याच्या दोन्ही बाजूंना आणि चारही काठांना वॉर्निशचे दोन हात मारायचे (एमडीएफचा काठ पाणी पितो आणि पुरीसारखा फुगतो), आणि फोम त्यावर चिकटवूनच पुढच्या कामाला लागायचं. दुसरा, टेकाड, खड्डा, उतार हे सगळं फोममधूनच कोरायचं. वरचा मातीचा थर कातडीइतका हवा, दोन-तीन मिलिमीटर. भर घालायला लगदा वापरायचा नाही. कुठे उंची कमी पडली तर फोमचा आणखी एक तुकडा चिकटवायचा. हा नियम मी स्वतः तीन बेस वाया घालवल्यावर पाळायला लागलो.

फोम कोणता? शक्य असेल तर एक्सपीएस, म्हणजे भिंतींच्या आणि छताच्या उष्णतारोधनासाठी येणारे निळे, गुलाबी किंवा राखाडी कडक शीट. थर्माकोल आणि एक्सपीएस दोन्ही पॉलिस्टायरीनचेच, पण थर्माकोल हा फुगवलेले मणी एकमेकांना चिकटवून बनतो, तर एक्सपीएस वितळलेल्या अवस्थेत साच्यातून सलग दाबून काढतात. म्हणून कापताना एकाचे मणी उडतात आणि दुसऱ्याची कड लोण्यासारखी साफ येते. दगडाची फट कोरायची असेल तर थर्माकोलमध्ये ती धड उमटतच नाही. आतला न दिसणारा भराव थर्माकोलचा चालेल, वरचे दोन-तीन सेंमी एक्सपीएसचे घ्या. एक्सपीएसला कारखान्यातून एक गुळगुळीत कातडी असते, ती १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर गम धरत नाही. मात्र दोन्ही बाजूंची काढा. एकाच बाजूची काढली तर शीटमधला ताण एका बाजूला मोकळा होतो आणि काही न लावताच शीट वाकतं. घासताना मास्क लावा. ही धूळ अंगाला, केसांना, सगळ्याला चिकटते.

आता चिकटवणं, कारण इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी फसतो. पांढरा गम सुकतो तो हवेला पाणी देऊन. दोन फोमच्या मधोमध हवा पोचतच नाही. एकदा मी २५ मिमीची तीन शीटं भरपूर गम फासून एकावर एक ठेवली आणि वजन देऊन नऊ दिवस विसरलो. कापायला घेतलं तर कडेचं बोटभर पारदर्शक होऊन सुकलेलं, आणि आत गम जसा ट्यूबमधून आला तसाच पांढरा, ओला. वरचं शीट हातात घसरत आलं. म्हणून फोम-फोमला पांढरा गम लावायचाच असेल तर तो सलग फासायचा नाही, समांतर रेघांत लावून मध्ये हवेला वाट ठेवायची. त्याहून बरं म्हणजे दोन भागांचं इपॉक्सी, किंवा ओलाव्यावर पिकणारा पॉलियुरेथेन गम. हा दुसरा लावताना एका बाजूवर पाण्याचा हलका फवारा द्या आणि वर चांगलं वजन ठेवा, कारण तो पिकताना फुगतो आणि शीट उचलून धरतो. कमी तापमानाची ग्लू गनही चालते, पण तिची गाठ गार झाल्यावर फोमपेक्षा कितीतरी कडक होते. पुढे कटरची पात तिथून जायची असेल तर पात त्या गाठीवर अडकते आणि शेजारचा फोम उपसून काढते. जिथून कापणार तिथून दोन सेंमी लांब ठेवा.

कापण्याबद्दल फार सांगत नाही. मोठा स्नॅप कटर (टोक मोडून नवी धार काढता येते तो), पात नवी, अगदी नवी. पात आडवी धरून लांब हाताने करवतीसारखी ओढायची, उभी दाबायची नाही. पात बोथट व्हायला लागली की फोम कापला जाण्याऐवजी फाटतो, त्याचा आवाजच बदलतो, कर्र असा. आवाज आला की टोक मोडून टाका. गरम तारेचा कटर असेल तर तारेचं तापमान असं ठेवा की ती न अडकता पुढे जाईल पण धूर निघणार नाही. खिडकी उघडी हवीच, कारण पॉलिस्टायरीन तापलं की स्टायरीनची वाफ निघते. आणि एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा: पिवळट पॉलियुरेथेन फोम गरम तारेने कापायचा नाही. त्यातून आयसोसायनेट आणि हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघू शकतात. तो फोम पात्यानेच कापायचा.

तुमच्या खड्ड्यांकडे येतो. स्प्रेच्या डब्यातले द्रावक आणि डब्यातला दाबाचा वायू, दोन्ही पॉलिस्टायरीन विरघळवू शकतात. अ‍ॅसिटोन, टोल्युइन, लॅकर थिनर, प्लॅस्टिक मॉडेल जोडायचं सिमेंट, रबर बेसचा कॉन्टॅक्ट गम, नेहमीचा सायनो (झटकन चिकटणारा सुपर ग्लू), हे सगळे त्याच माळेतले मणी. सायनो लगेच पिकावा म्हणून त्यावर मारायचा अ‍ॅक्टिव्हेटरही बहुतेक वेळा याच जातीचा असतो. फोमसाठी वेगळा, वास नसलेला सायनो मिळतो, तो चालतो. कोणत्याही नव्या बाटलीची परीक्षा सोपी आहे: फोमचा टाकाऊ तुकडा घ्या, थेंब सोडा, तासाभराने पाहा. मी अजूनही करतो, कारण तोच ब्रँड वेगळ्या मालात द्रावक बदलू शकतो.

पण तुम्ही म्हणाल, वर मातीचा थर होता ना, मग खड्डे का पडले? खड्डे उतारावर पडले असं तुम्हीच लिहिलंय. उतारावर ओला थर खाली सरकतो आणि वरच्या बाजूला विरळ होतो, तिथे टाचणीच्या टोकाएवढी भोकं राहतात. द्रावकाला तेवढी वाट पुरते. वरची कातडी शाबूत दिसते आणि आत पोकळी तयार होते, मग दोन दिवसांनी बोट लागलं की खळगा पडतो. म्हणून कोरून झाल्यावर, माती घालण्याच्या आधीच, फोम बंद करायचा. पांढरा गम आणि अ‍ॅक्रिलिक रंग समसमान, रंग काळपट तपकिरी. दोन हात, मध्ये पूर्ण वाळू द्यायचा. गडद रंगाचा फायदा असा की राहिलेली भोकं पांढरी चमकतात आणि लगेच सापडतात. मग ब्रशचं टोक त्या प्रत्येक ठिपक्यात घालायचं. इतकं करूनही मी स्प्रेचा डबा बेसजवळ आणत नाही. पाण्यावरचा अ‍ॅक्रिलिक, ब्रशने किंवा एअरब्रशने. तेल रंगाचे वॉश (खूप पातळ केलेले हात) आणि टर्पेंटाइन जमीन पक्की झाल्यावरच, तेही थोडकेच.

आता माझ्या आवडीचा भाग, कोरणं. तुम्ही फोटोत दाखवलेला रस्ता दगडी फरसाचा करायचा म्हणता, तर तो वेगळे दगड मांडून करू नका, एक्सपीएसमध्येच कोरा. आधी हिशोब. १:३५ म्हणजे पावणेदोन मीटरचा माणूस ५० मिमी. १० सेंमीचा फरसाचा दगड जेमतेम ३ मिमी. १५ सेंमीची पायरी सव्वाचार मिमी. लोक दगड नेहमी मोठे करतात, सहा-सात मिमीचे, आणि मग रणगाडा खेळण्यासारखा दिसायला लागतो. एक पट्टी आणि शाई संपलेलं बॉलपेन घ्या. आडव्या रेघा ३ मिमीवर मारा, पण पट्टी प्रत्येक वेळी केसभर तिरकी ठेवा, कारण खरे गवंडी इतके सरळ नसतात. उभ्या रेघा मात्र पट्टीशिवाय, हातानेच, प्रत्येक ओळीत अर्ध्या दगडाने सरकवून. पहिल्यांदा पेन हलकं फिरवायचं. दुसऱ्यांदा त्याच खाचेत जोर देऊन, म्हणजे फोम फाटत नाही, दबतो, आणि दगडाच्या कडा आपोआप गोल होतात. मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा घेऊन वरून टपटप दाबत जा, फिरवत फिरवत, नाहीतर एकच ठसा परत परत दिसतो. शेवटी पेनच्या मागच्या टोकाने इकडचा एक दगड अर्धा मिमी खाली, तिकडचे दोन कलते. जिथून गाड्या जातात तिथे दोन समांतर पट्टे किंचित खोल. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि रंग लागल्यावर सगळा जीव यातूनच येतो.

याच टप्प्यावर रणगाडा जागेवर ठेवून पाहा. तीसेक टन वजनाची वस्तू जमिनीवर टेकलेली दिसली पाहिजे, तरंगलेली नको. मऊ मातीत रणगाड्याचे साखळी-पट्टे दोन-तीन मिमी रुतले तर ते खऱ्यातले सात ते दहा सेंमी होतात, अगदी योग्य. मातीचा पातळ थर ओला असताना पट्ट्यांना पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून मॉडेल हलकेच दाबा आणि उचला. मॉडेल बेसच्या काठाला समांतर ठेवू नका, दहा-पंधरा अंश तिरकं ठेवा. समांतर ठेवलं की दुकानाच्या कपाटातल्यासारखं दिसतं. रणगाडा पक्का बसवायचा तर फोममध्ये स्क्रू धरत नाही. आधीच तिथे लाकडाचा ठोकळा पुरून ठेवा आणि प्लायच्या खालून स्क्रू घ्या. माणसांच्या आकृत्यांना पायात पितळी तार.

माती घालताना प्रमाण पुन्हा आठवा. वाळूचा १ मिमीचा कण १:३५ मध्ये साडेतीन सेंमीचा खडा असतो. म्हणजे ज्याला आपण वाळू म्हणतो ती इथे खडी आहे. धुळीसाठी माती चहाच्या गाळणीतून, मग पातळ कापडातून चाळा. बाहेरची माती असेल तर आधी ओव्हनमध्ये कोरडी तापवा, नाहीतर महिन्याभराने बुरशी येते, आणि त्यातून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काळे कण चिकटतील. त्यात लोखंडाचा चुरा असला आणि तो राहिला तर पाण्याच्या गमात गंजून नारिंगी ठिपके पडतात. गम आणि पाणी समसमान करून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका. साबणाशिवाय थेंब मातीवर मण्यासारखा गोल बसून राहतो, साबणाने तो झिरपतो. गवत लावायचं तर ४ मिमीचे नायलॉनचे तंतू म्हणजे खऱ्यातलं १४ सेंमी. त्याहून उंच गवत करायचं असेल तर कारण हवं. रंगाबद्दल एवढंच की गडद तपकिरीवरून हळूहळू फिकट होत जा, कोरडा ब्रश (रंग जवळजवळ पुसून उंचवट्यांवर फिरवायचा) शेवटी आणि अगदी कमी, आणि जमिनीवर सपाट काळा कुठेही वापरू नका.

कडा. लोक याला शेवटचं सोपस्कार समजतात. मला तर अर्धं काम तिथेच आहे असं वाटतं. १८२२ मध्ये पॅरिसमध्ये दागेर आणि बूताँ या चित्रकारांनी डायोरामा (आपल्या अशा देखाव्यांना हे नाव तिथूनच आलं) दाखवायला सुरुवात केली तेव्हा प्रेक्षक अंधारात बसून एका चौकटीतून भव्य चित्र पाहत. चित्र कुठे संपतं ते त्यांना दिसतच नसे. आपल्याकडे अंधार नाही, म्हणून चौकट आपण करायची. आणि ती माती घालण्याच्या आधी करायची. क्रम चुकला की माती आणि कडा यांच्यात एक फट राहते आणि ती कितीही पुट्टी भरली तरी शिवण दिसतेच.

असं करा. फोम प्लायवर बसला, कोरून झाला, की गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून चारही बाजू प्लायशी एका रेषेत घासा. पॉलिश पेपर एखाद्या सपाट लाकडी ठोकळ्यावर चिकटवून घासायचा, हाताने नाही, हाताने पोट येतं. मग दोन मिमीचा प्लाय किंवा एमडीएफचा पातळ पत्रा बाजूला टेकवून जमिनीची रेघ पेन्सिलने उमटवा. रेघेच्या एक मिमी वरून कापा. लांब बाजूंच्या पट्ट्या दोन्ही टोकांना दोन-दोन मिमी जास्त लांब ठेवा, म्हणजे त्या आखूड बाजूंची टोकं झाकतात आणि ४५ अंशांचा कोपरा जुळवण्याची कटकट उरत नाही. लाकडी पट्टीला पांढरा गम चालतो, कारण लाकूड श्वास घेतं आणि पाणी बाहेर जातं. मास्किंग टेपने बांधून एक दिवस ठेवा. प्लॅस्टिकचं शीट लावणार असाल तर त्यातून पाणी बाहेर जात नाही, तिथे इपॉक्सी घ्या, प्लॅस्टिक सिमेंट तर मुळीच नाही. सुकल्यावर तो जादाचा एक मिमी जमिनीच्या उताराबरोबर घासून आणा. कोपऱ्यांना पुट्टी, २४० ने आणि मग ४०० ने घासणं, ब्रशने प्रायमर, आणि मग गडद तपकिरी किंवा काळा, थोडीशी झाक असलेला, चकाकी नको. आता मास्किंग टेप लावून कडा झाका आणि मग माती घाला, ती काठापर्यंत ओढून न्या. थर अर्धवट ओला असतानाच टेप काढा. पूर्ण सुकू दिलात तर टेपबरोबर मातीचा दात निघून येतो. शेवटी कडेला रंगाचा एक पातळ हात द्यावा लागतोच, तो धरून चाला.

पाणी दाखवायचं असेल तर एवढंच लक्षात ठेवा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये द्रव स्टायरीन असतं आणि ते फोम खाऊन टाकतं. एका नदीचा असा घास गेलेला मी पाहिला आहे, माझ्याच. इपॉक्सी चालतं, पण पिकताना तापतं, म्हणून ३ मिमीहून जाड थर एका वेळी ओतू नका, आणि फोम आधी चांगला बंद करा. भोक राहिलं तर रेझिन रात्रभर टपकत राहतं आणि सकाळी बेस टेबलाला चिकटलेला असतो.

आता तुमचा सध्याचा बेस. तो टाकू नका. कोपरे वर आहेत म्हणजे वरची बाजू आखूड आहे, तेव्हा खालच्या बाजूला आखूड व्हायला जागा द्यायची. बेस उलटा करा, खाली जाड मऊ कापड घाला, आणि लांबीला आडव्या अशा व्ही आकाराच्या खाचा काढा, ३ सेंमीवर एक, फोमच्या जाडीच्या अर्ध्यापेक्षा थोड्या जास्त खोल, तोंडाशी २ मिमी रुंद. नुसती चीर पुरत नाही, थोडा फोम निघालाच पाहिजे, कारण सपाट करताना त्या खाचाच मिटायच्या आहेत. मग वॉर्निश केलेल्या प्लायवर इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन गम लावून बेस दाबून बसवा आणि वर सारखं वजन देऊन एक दिवस ठेवा. वरच्या थराला बारीक भेगा पडतील, त्या अ‍ॅक्रिलिक पुट्टीने भरा. स्प्रेचे खळगे बोटाने दाबून पोकळ भाग पूर्ण उघडे करा, झाकून ठेवू नका, आत गम-रंगाचा हात द्या आणि हलकी पुट्टी दोन थरांत भरा. त्यातला एखादा खळगा उताराच्या तळाशी, रस्त्याकडे तोंड करून असेल तर तो बुजवू नका. १:३५ मध्ये ३ सेंमीचा खळगा एक मीटर रुंद होतो, तोफगोळ्याच्या खड्ड्याला तो बरोबर बसतो.